नाकाचें माप आणि माणसाची किंमत

सातपुड्याच्या पायथ्याशीं, तापी नदीच्या उत्तरेस, तळोदा हें तालुक्याचें गांव आहे. बाजाराच्या दिवशीं डोंगरांतून भिल्ल व पावरा लोक येथें उतरतात. कोणाच्या डोकीवर चारोळीचें गाठोडें असतें, कोणाजवळ आमचूर, कोणाजवळ मोहाचीं फुलें. कोणी एखादी कोंबडीच कांखेंत घेऊन येतो. अहिराणी, गुजरी, भिली, मराठी अशा तीन-चार भाषा एकाच वेळीं कानांवर पडतात. माल तराजूंत पडतो, वजन होतें, पैसे हातीं येतात. परंतु गाठोडें तराजूंत पडण्यापूर्वींच एक दुसरें मोजमाप होऊन गेलेलें असतें. माल घेणारा माल आणणाऱ्याकडे एक दृष्टि टाकतो. त्याचा रंग, पोषाख, बोलण्याची लकब पाहतो आणि हा माणूस कोणत्या पायरीवरचा, हें मनाशीं ठरवितो. समोरचा मनुष्य वयानें वडिलांएवढा असला, तरी त्यास ‘अरे’ म्हणावयाचें कीं ‘दादा’ म्हणावयाचें, याचा निर्णय त्या एका दृष्टींत होतो.

हें मोजमाप आलें कोठून, त्यास आधार काय, आणि आधार नाहींसा झाल्यावरही तें टिकून कां राहिलें, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

मनुष्यामनुष्यांत भेद आहेत, हें कोणी नाकारीत नाहीं. कोणी उंच, कोणी ठेंगणा. कोणी गोरा, कोणी सांवळा. भाषा, अन्न, पोषाख, देवदेवता हीं सर्व निरनिराळीं. भेद असणें हा दोष नव्हे. दोष सुरू होतो तो भेदांची उतरंड रचण्यापासून. एका मडक्यावर दुसरें मडकें ठेवावें, तसे मनुष्यसमूह एकावर एक रचावयाचे आणि मग सांगावयाचें कीं, ही उतरंड कोणीं रचलेली नाहीं, ती मुळांतच अशी निर्माण झाली! वंशश्रेष्ठतेच्या मताचें सार एवढेंच आहे: शरीराच्या जन्मजात खुणांवरून बुद्धि, नीति आणि योग्यता ठरते व ती पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाहीं. जात आणि वंश ह्या गोष्टी एक नव्हेत. जातीची भिंत विवाहाच्या व स्पर्शाच्या निर्बंधांनीं बांधलेली असते. वंशाची भिंत शरीराच्या खुणांवर उभी आहे असें सांगण्यांत येतें. परंतु माणसाची किंमत जन्माच्या वेळींच ठरून गेली, या एका समजुतींत दोन्ही येऊन मिळतात.

ही समजूत आपल्या देशांत परकीयांनीं आणली, असें म्हणून मोकळें होतां येणार नाहीं. निषादपुत्र एकलव्याची कथा लहान मुलांसही ठाऊक असते. ती बहुधा गुरुभक्तीचा आदर्श म्हणून सांगितली जाते. पण तिच्यांतील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. एकलव्याच्या अंगीं कौशल्य नव्हतें म्हणून त्याचा अंगठा मागितला गेला नाहीं; कौशल्य होतें म्हणून मागितला गेला. उतरंडीच्या तळाशीं असलेल्या माणसानें आपली योग्यता सिद्ध केली, तर उतरंड बदलत नाहीं. उलट त्या माणसासच छाटून उतरंडीच्या मापांत बसविलें जातें. पुढें ज्या शास्त्राचा बडेजाव झाला, त्यानेंही दुसऱ्या रीतीनें हेंच केलें.

अठराव्या शतकांत स्वीडनमधील लिनिअस या पंडितानें वनस्पति व प्राणी यांचें वर्गीकरण केलें. आपल्या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तींत त्यानें मनुष्याचेही चार मुख्य प्रकार सांगितले आणि प्रत्येकास रंगाबरोबर स्वभावही चिकटविला. युरोपांतील मनुष्य कल्पक ठरला, आफ्रिकेंतील आळशी ठरला. १८३९ सालीं अमेरिकेंत मॉर्टन नांवाच्या वैद्यानें निरनिराळ्या लोकांच्या कवट्यांत दाणे भरून त्यांचें आकारमान काढलें आणि त्यावरून बुद्धीचा क्रम लाविला. १८५३ ते १८५५ या काळांत फ्रान्समध्यें गोबिनो यानें मानववंशांच्या असमानतेवर मोठा ग्रंथ लिहिला. गुलामांच्या श्रमावर मळे चालत होते आणि परदेशांत राज्यें स्थापन होत होतीं, त्याच काळांतील हें शास्त्र आहे. ज्यास माणूस विकावयाचा किंवा दाबावयाचा असतो, त्यास तो मुळांतच हलका आहे असें कोणी सांगितलें तर हवेंच असतें.

हिंदुस्थानांत या शास्त्राचे मोठे पुरस्कर्ते हर्बर्ट रिस्ले हे होते. १९०१ च्या जनगणनेचे ते आयुक्त होते. त्यांनीं नाकाच्या मापास फार महत्त्व दिलें. हें माप काढण्याची रीत सोपी आहे. नाकाच्या रुंदीस नाकाच्या लांबीनें भागावें व आलेल्या अपूर्णांकास शंभरानें गुणावें. उत्तर ७० पेक्षां कमी आलें तर नाक अरुंद, ८५ पेक्षां अधिक आलें तर रुंद, मधलें आलें तर मध्यम. येथपर्यंत तें निव्वळ गणित आहे. परंतु रिस्ले यांचें म्हणणें असें पडलें कीं, समाजांत जातीचा दर्जा जसजसा उतरतो, तसतसें नाक रुंद होत जातें; म्हणजे सामाजिक उतरंड ही वंशाचीच उतरंड होय. त्याच जनगणनेंत जातींचा मानापमानाचा क्रम लावण्याचाही प्रयत्न झाला. तेव्हां आपली जात वरच्या पायरीवर लिहावी म्हणून ठिकठिकाणच्या मंडळांनीं अर्ज केले. उतरंडच नको, असें म्हणणारे थोडे. आपलें मडकें वर असावें, असें म्हणणारे पुष्कळ!

या मताची परीक्षा मराठी भाषिकांनींच केली, ही समाधानाची गोष्ट होय. मालवणांत जन्मलेले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९३२ सालीं जात व वंश यांवरील आपल्या ग्रंथांत तींच मापें पुन्हां तपासलीं. उत्तर हिंदुस्थानच्या एका भागाबाहेर नाकाचें माप आणि जातीचा दर्जा यांचा मेळ बसत नाहीं, असें त्यांस आढळलें. महाराष्ट्रांत तर वरच्या व खालच्या म्हणविणाऱ्या जातींचीं नाकें एकमेकांत मिसळून गेलीं होतीं. शिवाय नाकाच्या रुंदीचा हवामानाशींही संबंध असतो. थंड व कोरड्या प्रदेशांत अरुंद नाक आणि उष्ण व दमट प्रदेशांत रुंद नाक अधिक आढळतें. हवेमुळें झालेला फरक बुद्धीचा म्हणून सांगणें हें शास्त्र नव्हे.

दुसरें उदाहरण याहून धैर्याचें आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या स्नुषा इरावतीबाई कर्वे १९२८ सालीं बर्लिन येथें मानवशास्त्राच्या अध्ययनास गेल्या. तेथील संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेचे कट्टर पुरस्कर्ते होते. युरोपीय माणसाच्या कवटीची उजवी व डावी बाजू इतरांहून अधिक विषम असते आणि त्याच्या तर्कबुद्धीचें मूळ त्यांत आहे, अशी कल्पना होती. ती सिद्ध करण्याचें काम या विद्यार्थिनीकडे आलें. तिनें १४९ कवट्या मोजल्या. कवट्यांची विषमता सर्व लोकांत असते, ती वंशावर अवलंबून नसते, असा निष्कर्ष निघाला. गुरु बलवान, देश परका, पदवी गुरूच्या हातीं. तरीही जें मापांत आलें तेंच तिनें लिहिलें. १९३० सालीं पदवी मिळवून इरावतीबाई परत आल्या. पुढें त्यांनीं पश्चिम खानदेशांतील भिल्लांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचाही अभ्यास केला.

बर्लिनच्या त्या संस्थेचें पुढें काय झालें, हेंही पाहण्याजोगें आहे. १९३३ सालीं जर्मनींत हिटलरची सत्ता आली. ज्यांचा वंश हलका ठरला, त्यांचे प्रथम नागरिकत्वाचे हक्क गेले, नंतर धंदे व घरें गेलीं आणि शेवटीं प्राण गेले. सुमारें ६० लाख ज्यू लोक मारले गेले. रोमा लोकही लाखांनीं मारले गेले. छळछावण्यांतील बंद्यांच्या शरीरांचे अवशेष ‘अभ्यासासाठीं’ त्याच संस्थेकडे पाठविले जात. कवटी मोजण्याचा निरुपद्रवी दिसणारा खेळ कोठें जाऊन पोंचतो, याचा हा पुरावा आहे. त्या संहारानंतर १९५० सालीं युनेस्कोनें शास्त्रज्ञांकरवीं निवेदन काढून वंशश्रेष्ठतेच्या मतास शास्त्राचा आधार नाहीं, असें जाहीर केलें.

त्यानंतरच्या संशोधनानें हा निर्णय अधिकच दृढ केला. १९७२ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ लेवॉन्टिन यांनीं दाखविलें कीं, मनुष्यजातींतील आनुवंशिक विविधतेपैकीं शेंकडा सुमारें ८५ भाग हा एकाच लोकसमूहाच्या आंत सांपडतो. कोणत्याही दोन माणसांची आनुवंशिक रचना हजारांत ९९९ भाग सारखी असते. तळोद्याच्या परिसरास जवळचें उदाहरण सिकलसेल या रक्तविकाराचें आहे. नंदुरबार जिल्ह्यांतील भिल्ल व पावरा लोकांत तो आढळतो, म्हणून कित्येक त्यास ‘आदिवासींचा रोग’ म्हणतात. पण तो आफ्रिकेंत आहे, अरबस्तानांत आहे आणि ग्रीस देशांतील कांहीं गोऱ्या लोकांतही आहे. जेथें हिवताप पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसला, तेथें रक्तांतील हा गुण टिकला. कारण आईबापांपैकीं एकाकडूनच तो मिळाला, तर हिवतापापासून कांहींसें रक्षण होतें, आणि दोघांकडूनही मिळाला, तर रोग होतो. म्हणजे रक्तांतील ही खूण वंशाच्या उतरंडीस विचारून चालत नाहीं. ती डांसाच्या मागून चालते.

तर मग शास्त्रानें टाकून दिलेली कल्पना मरत कां नाहीं? याचें एक कारण असें कीं, तिनें दरम्यान कायद्याचा आश्रय घेतला होता. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा कांहीं जमातींत चोराचा मुलगा चोरच होतो, असा त्यामागचा विचार होता. प्रथम तो उत्तरेंत लागू झाला. १९११ च्या कायद्यानें सर्व हिंदुस्थानांत लागू करतां येऊं लागला. ज्या जमातीचें नांव यादींत चढलें, तिच्यांतील मनुष्यांनीं हजेरी द्यावयाची, परवान्यावांचून गांव सोडावयाचें नाहीं. मुंबई इलाख्यांत सोलापूर येथें तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत होती. तेथें जन्मलेलें मूल कोणताही अपराध करण्यापूर्वींच अपराधी असे. मुंबई राज्यांत हा कायदा १९४९ सालीं रद्द झाला. सर्व देशांत ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं. त्या जमातींस तेव्हांपासून ‘विमुक्त’ म्हणतात. परंतु गांवांत चोरी झाली म्हणजे पारध्याच्या पालावर प्रथम पोलीस जातात, ही तक्रार कायदा गेल्यानंतरही संपली नाहीं. लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ हें आत्मकथन १९८७ सालीं निघालें. कायदा रद्द होऊन पस्तीस वर्षें लोटलीं होतीं. शिक्का तसाच होता.

गुन्हेगारी रक्तांत असते हें मत किती पोकळ आहे, याचा पुरावा खानदेशच्या इतिहासांतच सांपडतो. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या हातीं आला. डोंगरघाटांची राखण करावी व त्याबद्दल गांवांकडून हक्क घ्यावा, ही भिल्ल नाइकांची जुनी वहिवाट होती. धामधुमीच्या काळांत ती मोडली आणि हक्क बुडालेले लोक लुटालूट करूं लागले. तेव्हां सरकारी कागदांत त्यांस जन्मजात लुटारू म्हणण्यांत आलें. कित्येक मोहिमा झाल्या, कित्येक लोक मारले गेले. पुढें १८२५ सालीं जेम्स औट्रम यानें धरणगांव येथें भिल्लांचीच पलटण उभारली. वेळेवर पगार, अंगावर गणवेश आणि वरिष्ठांचा विश्वास, एवढ्या तीन गोष्टी मिळतांच तेच लोक घाटांचें रक्षण करूं लागले. रक्त तेंच, नाक तेंच, डोंगर तोच. बदलली ती स्थिति. ज्यांनीं हा अनुभव घेतला, त्याच राजवटीनें पुढें गुन्हेगार जमातींचा कायदा करावा, यावरून पूर्वग्रहास पुराव्याची किती पर्वा असते हें दिसून येतें.

उतरंड टिकून राहण्याचें दुसरें कारण याहून ठोस आहे. तें म्हणजे लाभ. जमिनीची मोजणी झाली, ती खरेदी-विक्रीची वस्तु झाली, कापसास भाव आला, आणि १९०० च्या सुमारास नंदुरबारवरून ताप्ती व्हॅली रेल्वे धावूं लागली. तापीकांठच्या काळ्या जमिनीची किंमत वाढली. कागद वाचतां न येणारा भिल्ल अंगठा देत गेला आणि जमीन सावकाराच्या व मोठ्या खातेदाराच्या नांवें होत गेली. कालचा जमिनीचा धनी त्याच शेतांत सालदार झाला. एकलव्याचा अंगठा एकदांच गेला. येथें तो शाईंत बुडवून पुन्हां पुन्हां घेतला गेला. मग असें बोललें जाऊं लागलें कीं, या लोकांस शेती जमत नाहीं, हे आळशी, हे व्यसनी. अगोदर जमीन गेली आणि मागाहून तिचें कारण म्हणून स्वभाव सांगण्यांत आला! शहादा-तळोदा भागांत अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ सालीं स्थापन झालेली श्रमिक संघटना यांनीं या अन्यायाविरुद्ध मजूर व सालदारांस संघटित केलें. अनुसूचित जमातींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ च्या नांवानें झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळांत बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनींचा त्यांत विचार होता. त्यापूर्वीं गेलेल्या जमिनीस तो लागूच नव्हता.

भिल्लांनीं हा शिक्का मुकाट्यानें सोसला, असें मात्र समजूं नये. १९३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यांतील मोरवड येथें गुलाम महाराज या भिल्ल पुरुषानें दारू सोडा, रोज स्नान करा, स्वच्छ राहा, असा उपदेश आरंभिला. हजारो लोक जमूं लागले. ‘आप की जय’ हा त्यांचा घोष होता आणि ‘आप’ या नांवानेंच तो पंथ ओळखला जाऊं लागला. १९३८ मध्येंच त्यांचें निधन झालें. त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं कार्य पुढें चालविलें. ज्या लोकांस गांवचें पोरही अरेतुरे करी, त्यांच्या मुखीं आपल्याच माणसांसाठीं हा आदराचा शब्द आला. उतरंडीस पहिला धक्का पुष्कळदां भाषेंतूनच बसतो, हें यावरून ध्यानांत येतें.

आणि उतरंडीचा शेवटचा आसराही भाषाच असते. शास्त्र गेलें, कायदा गेला. पण ‘भिलासारखा वागूं नको’ हें घरांतील वाक्य गेलें नाहीं. २०११ च्या जनगणनेप्रमाणें नंदुरबार जिल्ह्यांत शेंकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. सबंध महाराष्ट्रांत त्यांचें प्रमाण शेंकडा ९ च्या आसपास आहे. राज्यांत ते अल्पसंख्य, जिल्ह्यांत बहुसंख्य. तरी नुसत्या संख्येनें उतरंड मोडत नाहीं. गिरणी, दुकान, कचेरी, शाळा यांची भाषा ज्याची, त्याचेंच माप चालतें. घरीं भिली बोलणारें सहा वर्षांचें मूल शाळेंत येतें; पुस्तक मराठी, शिक्षक मराठी. मूल गप्प बसतें. गुरुजींचा समज होतो कीं, याच्या डोक्यांत कांहीं शिरत नाहीं. एखादी शिक्षिका त्याचीच भाषा दोन महिने शिकून घेते आणि तेंच मूल फळ्यावरचें गणित सोडवूं लागतें. बुद्धि दोन महिन्यांत उगवली नाहीं, ती होतीच. फक्त मोजणाऱ्याची पट्टी बदलली.

पूर्वग्रह आपल्या पुराव्याची निवड स्वतःच करतो, हें त्याच्या चिवटपणाचें तिसरें कारण होय. एक भिल्ल दारू पिऊन पडला, तर ‘हे लोक असेच’. वरच्या म्हणविणाऱ्या जातीचा एखादा पडला, तर ‘तो मनुष्य वाईट’. एकाचा दोष जातीच्या नांवें लिहावयाचा, दुसऱ्याचा त्याच्या एकट्याच्या नांवें. आणि गुणाच्या बाबतींत उलट: भिल्ल मुलगी डॉक्टर झाली, तर ती अपवाद! अशी वही कितीही वर्षें लिहिली, तरी तींतून एकच उत्तर निघणार.

म्हणून उपायही या तिन्ही ठिकाणीं हवा. जमीन, मजुरी व शाळा यांत न्याय नसेल, तर नुसतें गोड बोलणें फसवें ठरेल. आणि कायदे झाले तरी मनांतील वही बदलली नाहीं, तर ते कागदावरच राहतील. बाजारांतील वजनांची सरकारी निरीक्षक ठराविक मुदतीनें तपासणी करतो. झिजलेलें वजन काढून टाकावें लागतें, खोट्या वजनाबद्दल दंड होतो. मनांतील वजनें तपासणारा निरीक्षक मात्र कोठून येणार नाहीं. तें काम ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे. पुढच्या बाजारच्या दिवशीं डोकीवर गाठोडें घेऊन एखादा म्हातारा पावरा दुकानापुढें उभा राहील, तेव्हां त्याचा माल तराजूंत टाकण्यापूर्वीं त्यास ‘दादा, बसा’ एवढें म्हणतां आलें, तरी त्या तपासणीस आरंभ झाला असें म्हणतां येईल.